खिडकीची जागा: आधी बाजू, मग रांग

विमानात खिडकीची जागा मिळाली म्हणजे बाहेरचे दृश्य मिळालेच असे नाही. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या विमानात उजवीकडे बसलेल्याला कोकणचा किनारा दिसतो आणि डावीकडे बसलेल्याला सह्याद्री. दोघांनीही खिडकीसाठी सारखेच पैसे मोजलेले असतात, पण त्यातल्या एकाच्या डोळ्यांवर सतत ऊन येत असते, आणि जो पंखावरच्या रांगेत अडकला त्याला राखाडी पत्र्याशिवाय फारसे काही दिसत नाही. दिल्लीहून लेहला पहिल्यांदा जाताना मी खिडकी मिळाली एवढ्याच आनंदात उजवीकडची, नेमकी पंखावरची जागा घेतली होती. सकाळच्या उन्हाने डोळे दिपत होते, आणि पलीकडच्या बाजूचे लोक काचेला नाक लावून जे पाहत होते त्याचे वर्णन मला उतरल्यावर ऐकून घ्यावे लागले. तेव्हापासून मी तिकीट काढण्यापूर्वी दहा मिनिटे नकाशापुढे बसतो. त्या दहा मिनिटांत काय करायचे ते पहिल्यांदाच विमानाने निघालेल्यांसाठी क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: नकाशावर रेघ

फोनवरच्या नकाशात निघण्याचे आणि पोहोचण्याचे विमानतळ शोधावेत आणि त्यांच्यामध्ये सरळ रेघ काढावी. गूगल मॅप्समध्ये अंतर मोजण्याची जी सोय आहे तिने ही रेघ प्रत्यक्ष उमटते. विमानांचे मार्ग ठरलेले असतात आणि वाहतुकीप्रमाणे त्यांना वळसेही पडतात, त्यामुळे विमान या रेघेवरून तंतोतंत जाईल असे नाही, पण चार-पाचशे किलोमीटरच्या प्रवासात बाजू ठरवण्यापुरती ती पुरेशी खरी असते. अधिक खात्री हवी असेल तर फ्लाइटरडार२४ या संकेतस्थळावर आपल्याच क्रमांकाचे विमान गेल्या काही दिवसांत कोणत्या वाटेने गेले ते पाहता येते.

मुंबई-गोवा रेघ काढून पाहिली की ती अलिबागच्या पुढे किनाऱ्याला जवळजवळ समांतर, पण थोडी आतून जाताना दिसते. रत्नागिरीजवळ ती समुद्रापासून साधारण १० ते १५ किलोमीटर आत असते आणि सह्याद्रीचा माथा तिथून पूर्वेला चाळीसएक किलोमीटरवर राहतो. हे अंतर महत्त्वाचे आहे, कारण विमानाच्या खिडकीतून सरळ खाली पाहता येत नाही. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर असेल तर त्याच्या पोटाखालचा, दोन्ही बाजूंना साधारण तेवढ्याच रुंदीचा पट्टा कोणालाच दिसत नाही. म्हणून जे गाव किंवा जो किल्ला नेमका रेघेवर येतो तो पाहायला मिळण्याची आशा धरू नये. रेघेपासून पंधरा ते पन्नास किलोमीटर बाजूला जे आहे ते सर्वांत चांगले दिसते. मुंबई-नागपूर रेघेच्या दक्षिणेला तीसएक किलोमीटरवर लोणारचे सरोवर येते. विवराचा व्यास जेमतेम पावणेदोन-दोन किलोमीटर असला तरी हवा स्वच्छ असताना उजव्या खिडकीतून ते शोधण्यासारखे आहे.

दुसरी पायरी: डावे की उजवे

इथे चूक होते ती नकाशा उत्तर दिशा वर धरून पाहिल्यामुळे. दक्षिणेकडे निघालेल्या माणसाचा डावा हात पूर्वेला असतो, पण नकाशात पूर्व उजवीकडे छापलेली असते. म्हणून डोक्यात हिशेब करत न बसता फोन असा फिरवावा की पोहोचण्याचे ठिकाण वरच्या कडेला येईल. मग जे रेघेच्या डावीकडे दिसते ते विमानातही डावीकडेच दिसणार.

एकच मधली वाट असलेल्या विमानात, म्हणजे एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ मध्ये, नाकाकडे तोंड केले असता ए हे अक्षर डाव्या खिडकीचे आणि एफ हे उजव्या खिडकीचे असते. मोठ्या, दोन वाटांच्या विमानात उजवी खिडकी बहुधा के असते. सीट मॅप पडद्यावर उभा दाखवला असेल तर विमानाचे नाक वर असते आणि काही अडचण येत नाही, पण काही ॲपमध्ये विमान आडवे दाखवतात आणि नाक डाव्या हाताला असले तर ए ची ओळ खाली जाते. त्यामुळे चित्रावर विसंबण्यापेक्षा अक्षरावर विसंबावे.

तिसरी पायरी: सूर्य कुठे असेल

बाजू ठरवताना दृश्याइतकाच सूर्याचा विचार करावा लागतो, आणि नवख्या प्रवाशांचे नेमके याकडेच दुर्लक्ष होते. सूर्य आपल्या पाठीशी असेल तर समोरचा प्रदेश उजळलेला, रंग स्पष्ट आणि काच स्वच्छ वाटते; तोच समोर असेल तर काचेवरचा प्रत्येक ओरखडा चमकतो आणि जमीन धुरकट होऊन जाते.

गोव्याच्या विमानाला हे लावून पाहू. सकाळी सूर्य पूर्वेला, म्हणजे डावीकडे असतो, तेव्हा उजव्या खिडकीतून किनारा फार सुंदर दिसतो. दुपारनंतर सूर्य उजवीकडे जातो, समुद्र नुसता चकाकत राहतो, पण त्याच वेळी सह्याद्रीचे कोकणाकडे तोंड करून उभे असलेले कडे, जे सकाळभर सावलीत असतात, ते उन्हात येतात. तेव्हा माझा नियम असा की सकाळच्या विमानात एफ घ्यावी आणि चारच्या सुमाराच्या विमानात ए. सूर्यास्त पाहायचा असेल तर संध्याकाळीही एफ घ्यायला हरकत नाही, मात्र त्या प्रकाशात गावे आणि किल्ले ओळखू येणार नाहीत.

सकाळच्या उजव्या खिडकीतून काय काय दिसते ते सांगण्याचा मोह आवरत नाही. अलिबागच्या अलीकडे समुद्रात खांदेरी आणि उंदेरी ही जुळी बेटे, मग रेवदंड्याला कुंडलिकेची खाडी, मुरुडसमोर पाण्यात उठून दिसणारा जंजिरा. पुढे खाड्या मोजत जावे: बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, पूर्णगडला मुचकुंदी, विजयदुर्गाला वाघोटन. प्रत्येक खाडीचे वळण वेगळे आहे, आणि दोन खाड्यांच्या मधले जांभ्याचे सपाट सडे वरून टेबलासारखे दिसतात. ऑक्टोबरात ते पिवळसर हिरवे असतात आणि मे महिन्यात करपून काळपट होतात. मालवणला, शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग किनाऱ्यापासून तुटलेल्या तुकड्यासारखा दिसतो, आणि तेरेखोलची खाडी आली की महाराष्ट्र संपतो. डावीकडच्या माणसाला यातले काही दिसत नाही, पण त्याला कोयनेच्या शिवसागर जलाशयाचे लांबलचक पाणी दिसते, हेही खरे.

पुण्याहून गोव्याला जाताना चित्र बदलते. पुणे आणि उत्तर गोव्यातला मोपा विमानतळ जवळजवळ एकाच रेखावृत्तावर असल्याने विमान सरळ दक्षिणेकडे जाते, आणि महाबळेश्वर, कास आणि कोयना उजवीकडे जवळच राहतात. या मार्गावर सह्याद्री पाहायचा असेल तरी एफच घ्यावी; मुंबईच्या अनुभवावरून ए घेणारा इथे फसतो.

उड्डाण आणि उतरणे

छोट्या प्रवासात विमान पूर्ण उंचीवर फार वेळ नसतेच. आकाशातल्या पाऊण-एक तासापैकी बराचसा वेळ चढण्यात आणि उतरण्यात जातो, आणि घरे, रस्ते, होड्या ओळखू येतील इतके जवळचे दृश्य त्याच वेळी मिळते. म्हणून धावपट्टीची दिशाही पाहून ठेवावी. धावपट्टीच्या क्रमांकाला दहाने गुणले की होकायंत्रावरचा अंश मिळतो. मुंबईची २७ क्रमांकाची धावपट्टी म्हणजे २७० अंश, अर्थात पश्चिमेकडे तोंड. विमाने वाऱ्याच्या समोर चढतात आणि उतरतात. मुंबईत वारा बहुधा समुद्रावरून येत असल्याने वर्षाचा बराच काळ हीच दिशा वापरात असते.

याचा परिणाम असा होतो की गोव्याचे विमान पश्चिमेला समुद्रावर झेपावते आणि मग डावीकडे वळून दक्षिणेला लागते. त्या पहिल्या काही मिनिटांत मुंबईचा किनारा, जुहू, वांद्रे-वरळी सागरी सेतू, मलबार हिलचे टोक, हे सारे डाव्या खिडकीत येते आणि उजवीकडे नुसते पाणी असते. पुढचा कोकणकिनारा मात्र उजवीकडे. दोन्ही मिळत नाहीत. मुंबई आधी कधी वरून पाहिली नसेल तर पहिल्या खेपेला डावी बाजू घेण्यात काही चूक नाही. मी स्वतः आता उजवीच घेतो.

गोव्यात विमानतळ दोन आहेत, दक्षिणेचा दाबोळी आणि उत्तरेचा मोपा, त्यामुळे तिकिटावर कोणता आहे ते आधी वाचावे. मोपाचे पठार तेरेखोल आणि शापोरा या नद्यांच्या मध्ये येते; दाबोळीला पूर्वेकडून उतरताना जुवारी नदी आणि तिच्यावरचा पूल उजवीकडे राहतो. दोन्हीकडे उजवी खिडकी घेणाऱ्याचे नुकसान होत नाही.

चौथी पायरी: विमान कोणते आणि रांग कोणती

तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो वाचण्याची सवय लावावी. ए३२० आणि ७३७ यांचे पंख पोटाच्या पातळीला जोडलेले असतात आणि मधल्या बऱ्याच रांगांचे खालचे दृश्य झाकून टाकतात. पंख नेमका कुठे आहे हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे आपत्कालीन दाराच्या रांगा: या दोन्ही विमानांत मधली आपत्कालीन दारे पंखावरच उघडतात, आणि सीट मॅपमध्ये त्या रांगा वेगळ्या रंगाने दाखवलेल्या असतात. त्यांच्या पुढच्या आणि मागच्या चार-पाच रांगा सोडून द्याव्यात. ए३२१ लांब असते आणि तिच्या दारांची मांडणी वेगवेगळी असते, तेव्हा तिथे मधला एकतृतीयांश भाग टाळला की पुरे.

पंखाच्या पुढे बसावे की मागे? पुढे. मागच्या रांगांतून खाली पाहताना इंजिनातून निघणारी गरम हवा मध्ये येते आणि तिच्यामुळे जमीन तव्यावरच्या वाफेआडून पाहिल्यासारखी थरथरते. डोळ्यांना ते फारसे जाणवत नाही, पण फोटोत सगळे पुसट येते. पुढच्या रांगांना जादा पैसे पडतात, म्हणून ज्याला नुसते पाहायचे आहे त्याने शेवटून पाच-सहा रांगा सोडून मागची खिडकी घ्यावी आणि पैसे वाचवावेत. अगदी शेवटची रांग नको, तिथे पाठ मागे जात नाही आणि स्वच्छतागृहाची रांग अंगावर येते. बोइंग ७३७ मध्ये आणखी एक खोडी आहे. वातानुकूलनाची नळी भिंतीतून वर जात असल्याने पंखाच्या थोड्या पुढे एखाद्या रांगेत खिडकीच्या जागी कोरी भिंत असते, आणि तरीही ती जागा खिडकीची म्हणूनच विकली जाते. सीट मॅपवर खिडक्या दाखवल्या नसतील तर त्या विमानाचे बारकावे देणाऱ्या संकेतस्थळावर ती रांग तपासावी.

लहान शहरांच्या मार्गांवर एटीआर ७२ हे पंख्याचे विमान असते. अनेक जण त्याला नाके मुरडतात, पण दृश्य पाहणाऱ्याने ते मुद्दाम शोधावे. त्याचे पंख खिडक्यांच्या वर, छताला जोडलेले असल्याने खालचे सगळे मोकळे राहते, ते जेट विमानापेक्षा बरेच खालून, पाच-सहा किलोमीटर उंचीवरून उडते आणि त्याचा वेगही ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपासच असतो, त्यामुळे पाहायला वेळ मिळतो. फक्त इंजिन आणि त्याचा पंखा ज्या रांगांसमोर येतो त्या टाळाव्यात. मागच्या एकतृतीयांश भागात बसलेले उत्तम, आणि दारही मागेच असल्याने उतरायलाही आधी मिळते.

हिमालय: वेगळा हिशेब

कोकणात जमीन पाहायची असते, हिमालयात क्षितिज. दिल्लीहून बागडोगऱ्याला जाणारे विमान पूर्वेकडे जाते आणि नेपाळ-सिक्कीमची सगळी रांग त्याच्या उत्तरेला, म्हणजे डावीकडे, राहते. एव्हरेस्ट (८८४९ मीटर) रेघेपासून शंभरएक किलोमीटरवर, आणि शेवटी कांचनगंगा (८५८६ मीटर). दिल्ली-काठमांडू मार्गावरही डावी बाजूच. तिथे धवलगिरी, अन्नपूर्णा आणि मनास्लू ही शिखरे ओळीने येतात. परतताना या सर्व मार्गांवर उजवी. शिखरे उत्तरेला आणि हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे झुकलेला, त्यामुळे ऊन नेहमी पाठीशी असते आणि वेळेची फारशी चिंता करावी लागत नाही. तरी दुपारी शिखरांवर ढग चढतात म्हणून सकाळचे विमान बरे. शिखरे खूप दूर आणि जवळजवळ डोळ्यांच्या पातळीवर दिसत असल्याने इथे पंखावरची जागाही चालून जाते, कारण पंख खालचे झाकतो, समोरचे नाही. पैसे वाचवायचे असतील तर या मार्गावर वाचवावेत.

कोलकात्याहून बागडोगऱ्याला जाणाऱ्याची मात्र अडचण होते. विमान सरळ उत्तरेकडे जाते आणि कांचनगंगा नाकासमोर येते, म्हणजे ती वैमानिकाला दिसते. उतरण्यापूर्वीच्या वळणात जी बाजू उत्तरेला येईल तिचे नशीब.

दिल्ली-लेह हा छोट्या प्रवासांतला सर्वांत श्रीमंत मार्ग. विमान उत्तरेकडे जाताना हिमालय आडवा ओलांडते, त्यामुळे दोन्ही बाजूंना डोंगरच असतात. डावीकडे नून (७१३५ मीटर) आणि कून (७०७७ मीटर) ही जोडशिखरे, उजवीकडे त्सो मोरीरीचे निळे पाणी. लेहमध्ये दुपारी वारा वाढतो म्हणून विमाने मुख्यतः सकाळची असतात, आणि सकाळी ऊन उजवीकडून येते. तेव्हा जाताना डावी आणि येताना उजवी घ्यावी. येथे मात्र पंखाच्या पुढचीच रांग हवी, कारण हिमनद्या आणि दऱ्या खाली असतात, आणि शेवटी विमान सिंधूच्या खोऱ्यात शिरून ३२५६ मीटर उंचीवरच्या धावपट्टीवर उतरते तेव्हा डोंगर पंखांच्या टोकांपलीकडे उभे असतात.

ऋतू

जून ते सप्टेंबर कोकणावरून उडताना ढगांखेरीज काही दिसत नाही, त्या महिन्यांत जागेसाठी जादा पैसे देऊ नयेत. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा धुतलेली आणि जमीन हिरवी असते. किनारा आणि हिमालय दोन्हींसाठी हाच उत्तम काळ. एप्रिल-मे मध्ये उत्तरेत धुळीचा थर चढतो.

जागा हाती कशी घ्यावी

बाजू आणि रांग ठरली की तिकीट काढतानाच जागा निवडून पैसे भरणे हा निर्धोक मार्ग आहे. पैसे द्यायचे नसतील तर बहुतेक कंपन्यांचे वेब चेक-इन देशांतर्गत प्रवासासाठी ४८ तास आधी सुरू होते, त्या वेळी घड्याळ लावून बसावे. मागच्या रांगांतल्या विनामूल्य खिडक्या लवकर संपतात. चेक-इन आपोआप करून देण्याची परवानगी ॲपला देऊ नये, कारण मग यंत्र देईल ती जागा पत्करावी लागते. ऐन वेळी विमानाचा प्रकार बदलला तर जागाही बदलते, म्हणून आदल्या रात्री बोर्डिंग पास पुन्हा एकदा पाहावा.

विमानात बसल्यावर

निघण्यापूर्वी त्या प्रदेशाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा. फ्लाइट मोडमध्येही जीपीएस चालू ठेवता येते, आणि फोन खिडकीशी धरला की आपण कोणत्या खाडीवर आहोत ते नकाशावर कळते. चष्म्याचे मऊ कापड जवळ असावे. आतली काच पुसता येते, बाहेरची नाही. आतल्या काचेच्या मागे एक बारीक भोक आणि त्याभोवती कधी बर्फाची नक्षी दिसते, ती हवेचा दाब सांभाळण्यासाठी केलेली सोय आहे, बिघाड नव्हे. फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवावा, फोन काचेच्या अगदी जवळ पण तिला न टेकवता धरावा, आणि प्रतिबिंब पडत असेल तर गडद रंगाची ओढणी किंवा जाकीट भोवती धरावे. कॅमेऱ्याचे पोलरायझर फिल्टर घरी ठेवावे. खिडकी काचेची नसून प्लास्टिकची असल्याने त्यातून इंद्रधनुषी डाग उमटतात.

पुणे, श्रीनगर, लेह आणि बागडोगरा ही हवाई दलाची ठाणी आहेत आणि दाबोळी नौदलाचे. अशा ठिकाणी जमिनीवर आणि चढता-उतरताना फोटो काढायला मनाई असते, आणि कर्मचारी खिडकीची झडप खाली करायला सांगतील तेव्हा ती निमूटपणे करावी. शेजारी मधल्या जागेवर लहान मूल किंवा पहिल्यांदाच विमानात बसलेली आजी असेल, तर थोडे मागे सरकून बसले म्हणजे तिलाही दिसते.

गोव्याहून परतताना सगळे उलटते: किनारा डावीकडे, आणि सकाळच्या वेळी ऊन उजवीकडे, म्हणून ए. मुंबईत पूर्वेकडून उतरताना डाव्या खिडकीत चेंबूर, तुर्भ्याची टेकडी आणि बंदराचे पाणी येते. पवईचा तलाव आणि त्यामागचे राष्ट्रीय उद्यानाचे रान उजवीकडच्यांना मिळते.